आपले किती झाले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाराष्ट्र राज्य एक असलं, तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याच्या तीन वाटण्या आहेत. रणजी करंडकात मुंबईचा संघ वेगळा, पुण्याचं मुख्यालय असलेला महाराष्ट्राचा संघ वेगळा आणि विदर्भाचा संघ वेगळा. वेगळ्या विदर्भाची मागणी कुणाला पटो न पटो, दरवर्षी हिवाळा लागला की धावफलकावर विदर्भ वेगळा झालेला असतो. त्यासाठी मोर्चा लागत नाही की ठराव लागत नाही. नाणेफेक झाली की झालं.

माझं घर अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला. बडनेऱ्याहून रोजचं अप-डाऊन. गाडीत बसलं की दोनच विषय असतात, राजकारण आणि क्रिकेट. कापसाचे भाव कोणत्या विषयात मोडतात ते त्या दिवसाच्या भावावर ठरतं. अशा डब्यात बसून मी २०२४-२५ चा विदर्भाचा रणजी हंगाम पहिल्या सामन्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिला. खरं म्हणजे पाहिला कमी आणि विचारला जास्त. "काय भाऊ, आपले किती झाले?" हा आमच्या डब्यातला सकाळचा नमस्कार होता. त्याच हंगामात महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली, नवं सरकार आलं, नागपूरला अधिवेशन झालं. त्यामुळे धावा मोजता मोजता जागाही मोजल्या गेल्या. आज त्या हंगामाची गोष्ट सांगणार आहे. मधूनमधून राजकारण डोकावेल, त्याला वऱ्हाडी माणसाचा इलाज नाही.

थोडं मागे जाऊ. १९३४-३५ साली रणजीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा आपल्याकडचा संघ होता मध्य प्रांत आणि वऱ्हाड. म्हणजे 'वऱ्हाड' हा शब्द एके काळी रणजीच्या धावफलकावर होता. पुढे त्या संघाचं नाव मध्य प्रदेश झालं. दरम्यान राजकारणात काय चाललं होतं? ऑगस्ट १९४७ मध्ये आपल्या अकोल्यात करार झाला, पश्चिम महाराष्ट्रातले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडातले पुढारी एकत्र बसले. १९५३ मध्ये नागपूर करार झाला. १९५५ मध्ये फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती काही अमलात आली नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले.

आता गंमत बघा. राजकीय नकाशावर जे नाव आलं नाही, ते लगेच पुढच्या वर्षी क्रिकेटच्या नकाशावर आलं. १९५७-५८ च्या हंगामात विदर्भ या नावानं आपला संघ रणजीत उतरला. वेगळा संघ, वेगळी निवड समिती, वेगळी संघटना. बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांनी ज्या नावासाठी आयुष्यभर धडपड केली, ते नाव निदान धावफलकावर तरी लागलं.

आणि मग काय झालं? साठ वर्षं काहीही झालं नाही. साठ वर्षांत विदर्भाला एकदाही उपांत्य फेरी गाठता आली नाही. आम्ही शाळेत असताना वर्तमानपत्रात विदर्भाची बातमी शोधावी लागायची, आणि सापडली की बहुतेक ती डावाच्या पराभवाची असायची. आमच्या गल्लीतली पोरं मुंबईच्या खेळाडूंची नावं घ्यायची. विदर्भाचा कर्णधार कोण, हे एखाद्यालाच ठाऊक असायचं.

म्हणून २०१७-१८ चं मोल. त्या वर्षी उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं. इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या हाती करंडक आला. त्याच सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजानं पदार्पण केलं. आता हे नाव असं की, आमच्या डब्यात एकानं "आदित्य ठाकरेंनी सलामीची विकेट काढली पाहिजे" म्हटलं, तर समोरच्या बाकावरच्या काकांनी विचारलं, "कोणत्या मतदारसंघात?" पुढच्या वर्षी विदर्भानं सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. एकदा जिंकलं तर नशीब म्हणतात. दुसऱ्यांदा जिंकल्यावर लोकांना दुसरा शब्द शोधावा लागला.

आता २०२४-२५. हंगाम ऑक्टोबरच्या ११ तारखेला सुरू झाला. त्या दिवसांत वऱ्हाडात सोयाबीन सोंगून खळ्यावर आलेलं असतं. केंद्राचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजार समितीत त्याहून बरेच कमी पुकारले जात होते. निवडणूक डोक्यावर होती, सभांतून सहा हजारांचं आश्वासन मिळत होतं. डब्यात एक जण म्हणाला, "सहा हजार तं धावाच होतील विदर्भाच्या, सोयाबीनचं काई सांगता येत नाई." हे ऐकून हसू आलं. पण ज्यांचं सोयाबीन घरात पडून होतं, ते हसले नाहीत.

विदर्भ मात्र जिंकत गेला. साखळीतल्या सातपैकी सहा सामने त्यानं जिंकले. नोव्हेंबरच्या मध्यावर रणजीचा पहिला टप्पा संपला आणि चारच दिवसांनी, २० तारखेला मतदान झालं. २३ तारखेला निकाल लागला. महायुती प्रचंड बहुमतानं आली, महाविकास आघाडी मागे पडली. डिसेंबरच्या ५ तारखेला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. १५ तारखेला मंत्र्यांचा शपथविधी नागपुरात झाला आणि १६ ते २१ डिसेंबर अधिवेशन झालं. नागपूर करारात ठरलेलं होतं की वर्षातून एक अधिवेशन नागपूरला व्हावं. ते होतं. पण रणजीचा अंतिम सामना पाच दिवस चालतो आणि विदर्भाच्या प्रश्नांसाठीचं अधिवेशन त्या वर्षी सहा दिवस चाललं, एवढाच फरक. आणि सामन्यात निदान रोज नव्वद षटकं टाकावी लागतात.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुख्यमंत्री विदर्भाचा असणं आपल्याला नवीन नाही. मारोतराव कन्नमवार चंद्रपूरकडचे. वसंतराव नाईक आपल्या वऱ्हाडातल्या पुसदचे, अकरा वर्षांहून जास्त काळ मुख्यमंत्री. सुधाकरराव नाईकही पुसदचेच. म्हणजे कर्णधारपद आपल्याकडे आलं नाही असं नाही. तरी दांडेकर समितीपासून 'अनुशेष' हा शब्द वऱ्हाडातल्या पोराला पाढ्यांबरोबर पाठ होतो. कर्णधार आपल्या गावचा असून भागत नाही, खालचे दहा जण कसे तयार होतात हे बघावं लागतं. हे मला क्रिकेटनं शिकवलं.

त्याच हिवाळ्यात आमच्या डब्यात मोठा पेच उभा राहिला. विजय हजारे करंडकाच्या उपांत्य सामन्यात, १६ जानेवारी २०२५ ला बडोद्यात, समोरासमोर आले विदर्भ आणि महाराष्ट्र. एका राज्याचे दोन संघ! महाराष्ट्राचा कर्णधार ऋतुराज गायकवाड. विदर्भाच्या ध्रुव शोरे आणि यश राठोड या दोन्ही सलामीवीरांनी शतकं काढली. करुण नायरनं ४४ चेंडूंत नाबाद ८८ केल्या आणि आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मानं ३३ चेंडूंत ५१. धावा झाल्या तीन बाद ३८०. विदर्भ ६९ धावांनी जिंकला.

रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. अमरावतीत वाढलेलं पोरगं, इथं इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीसाठी पुण्याला गेलं. आज वऱ्हाडातल्या कोणत्या घरातलं पोरगं पुण्यात नाही? तो म्हणाला, "मामा, अभिनंदन. तुमचे जिंकले." मी म्हटलं, "अरे, तुमचे म्हणजे? तुझे नाहीत का?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "माझे दोन्ही संघ होते ना मामा. एक तर हरणारच होता." मला काही बोलता आलं नाही. विदर्भाचं सगळं राजकारण त्या एका वाक्यात होतं. आपली पोरं तिकडे, शेत इकडे. नकाशाची रेघ कुठूनही ओढा, ती कुणाच्या तरी घरातूनच जाते. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात कर्नाटकानं आपल्याला ३६ धावांनी हरवलं, तेव्हा मात्र भाच्याचा फोन आला तो "मामा, हरलो ना आपण" असा.

आता करुण नायरविषयी. हा मूळचा कर्नाटकाचा. २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटीत नाबाद ३०३ केल्या आणि पुढे सगळे त्याला विसरले. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला. त्या विजय हजारे स्पर्धेत अंतिम सामन्याआधी त्याच्या धावा होत्या ७५२ आणि बाद झाला होता फक्त एकदा. दुसरीकडे आपला आदित्य सरवटे, आधीच्या दोन्ही विजयांतला डावखुरा फिरकी गोलंदाज, त्याच हंगामात केरळकडे गेला. क्रिकेटमध्ये असा संघ बदलायचा असेल तर जुन्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र आणावं लागतं. आमच्या डब्यातल्या एका वकील साहेबांचं मत असं पडलं की, हा एवढाच नियम महाराष्ट्राच्या राजकारणात आणला असता, तर २०२२ आणि २०२३ ही दोन वर्षं फार शांततेत गेली असती.

२०२२ वरून आठवलं. त्याच जूनमध्ये आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. त्याआधी कित्येक वर्षं तो रस्ता कसा होता, हे त्यावरून गेलेल्यांच्या कमरेला विचारा. विक्रम पाच दिवसांचा, वाट पाहणं वर्षांचं. त्याच महिन्यात मुंबईत २१ तारखेला बंड झालं आणि ३० तारखेला नवं सरकार. म्हणजे मनावर घेतलं तर महाराष्ट्रात रस्ता पाच दिवसांत होतो आणि सरकार दहा दिवसांत. बाकीच्या गोष्टींना मात्र वेळ लागतो.

असो. फेब्रुवारीत बाद फेरी सुरू झाली. उपांत्यपूर्व सामन्यात तमिळनाडूला १९८ धावांनी हरवलं. उपांत्य सामन्यात समोर आली मुंबई, आदल्या वर्षी वानखेडेवर अंतिम सामन्यात आपल्याला हरवणारी मुंबई. त्या वेळी ५३८ धावांचा पाठलाग करताना वाडकरनं शतक काढलं होतं आणि आपण ३६८ पर्यंत गेलो होतो. या खेपेला सामना नागपूरला. पार्थ रेखडे या नवख्या डावखुऱ्या फिरकीपटूनं एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना परत पाठवलं. दुसऱ्या डावात यश राठोडनं १५१ केल्या. मुंबई ८० धावांनी हरली. त्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "राहू द्या ना काका, आज मुंबईले हरवलं आपन." मुंबईला हरवण्याचा आनंद वऱ्हाडात कशाकशाचा असतो, हे मी सांगायला नको. विधानसभेत न मिळालेलं उत्तर जामठ्याच्या मैदानावर मिळाल्यासारखं वाटतं. ते तसं नसतं, हेही कळतं.

अंतिम सामना २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी. समोर केरळ. सकाळी साबुदाण्याची खिचडी समोर आली तोवर आपले तीन गडी बाद झाले होते, धावा २४. मोबाइलवर मित्राचा आवाज, "गेले ना बाप्पा तीन!" मी म्हटलं, "थांबा ना राजेहो, करुण हाये अजून." करुण होताच, पण खरा उभा राहिला तो दानिश मालेवार, एकवीस वर्षांचा. त्या दोघांनी २१५ धावांची भागी केली. दानिशनं १५३ केल्या. विदर्भ ३७९. केरळच्या डावात आपलाच आदित्य सरवटे भिंतीसारखा उभा राहिला, ७९ धावा. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला नसता तर काय झालं असतं सांगता येत नाही. केरळ ३४२. आघाडी ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो, हा रणजीचा नियम. नोव्हेंबरात आघाडी हरली होती, मार्चमध्ये आघाडीनं करंडक दिला, एवढं म्हणून आमच्या डब्यानं तो विनोद संपवला.

शेवटचा दिवस रविवार होता, २ मार्च. मी पहाटेच्या एसटीनं नागपूर गाठलं. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, आणि तिथून पुन्हा वर्धा रोडवर जामठा. अकोल्याच्या माणसाला तर अडीचशेच्या वर. करुण नायर १३५ वर बाद झाला, तेही सरवटेच्याच चेंडूवर. मग शेपूट वळवळत राहिलं. दर्शन नळकांडे हा अकोल्याच्या मैदानावर घडलेला पोरगा खेळत होता. त्याचं अर्धशतक झालं आणि दोन्ही संघांनी हात मिळवले. नऊ बाद ३७५. विदर्भ तिसऱ्यांदा विजेता. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम ठरला. प्रशिक्षक उस्मान गनी हे विदर्भाचेच जुने खेळाडू. माझ्या शेजारी यवतमाळकडचे एक गृहस्थ होते, नातवाला घेऊन आलेले. ते म्हणाले, "आमाले वाटे, हे आपल्या जन्मात होनार नाई."

श्रोतेहो, साठ वर्षं झालं नाही ते मग कसं झालं? एक तर पैसा मैदानापर्यंत पोहोचला. २००८ मध्ये जामठ्याचं मैदान उभं राहिलं, अकादमी आली, वयोगटांचे संघ बांधले गेले. शशांक मनोहर यांच्यासारखे नागपूरकर भारतीय मंडळाच्या अध्यक्षपदी पोहोचले, त्याचं वजन पडलं. मुंबईहून चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, वसीम जाफर आला. बाहेरच्याकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही. खापरखेड्याच्या उमेश यादवनं कसोटी खेळून दाखवलं होतं, त्यामुळे गावातल्या पोराला वाट दिसत होती. आणि पैशाचं बोलायचं तर, आज रणजीतल्या नवख्या खेळाडूलाही दिवसाचे चाळीस हजार मिळतात, अनुभवी खेळाडूला साठ हजार. म्हणजे त्या वर्षीच्या भावानं एका दिवसाच्या खेळात जवळजवळ दोन एकरांचं सोयाबीन. पोराच्या हातातली बॅट हिसकावून घेणारा बाप आता दोनदा विचार करतो.

यातून मला दोन्ही बाजूंना काही सांगावंसं वाटतं. वेगळं राज्य झालं की सगळं आपोआप होईल, असं म्हणणाऱ्यांनी क्रिकेटची ती साठ वर्षं बघावी. नाव वेगळं होतं, नकाशा वेगळा होता, निवड आपल्याच हाती होती, तरी उपांत्य फेरी दिसली नाही. आणि वेगळेपणाची गरजच काय, असं म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की, विदर्भाचा संघ नसता तर अकोल्याच्या शास्त्री स्टेडियमपर्यंत मुंबई-पुण्याचा कोणता निवडकर्ता आला असता? दार असावं लागतं. पण नुसतं दार असून चालत नाही, आत स्वयंपाकही करावा लागतो.

आणि तिसरी गोष्ट आपली, वऱ्हाडाची. मुंबईकडे बोट दाखवताना नागपूरकर जे बोलतात, तेच नागपूरकडे बोट दाखवून आपण बोलतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आली, एवढी आपली जुनी परंपरा. तरी संघाचं सगळं जगणं नागपूरला. मी तक्रार करत नाही, हिशेब मांडतो आहे. कारण हिशेबात जमाही आहे. त्या हंगामानंतर करुण नायर पुन्हा कर्नाटकाकडे गेला आणि आपला जितेश बडोद्याकडे. संघ मोडेल असं वाटलं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध १४३ धावा काढल्या त्या अकोल्याच्या अथर्व तायडेनं. विदर्भ ९३ धावांनी जिंकला. जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा अथर्वनंच १२८ काढल्या, आणि तोही करंडक पहिल्यांदा विदर्भाकडे आला. जाणारे गेले, मागचे तयार होते. खरी कमाई ही आहे.

म्हणून पुढचा हंगाम सुरू होईल तेव्हा "आपले किती झाले" हे जरूर विचारा. त्यासोबत संघ जाहीर होईल त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारा, आपले किती आहेत? अकोल्याचे किती, अमरावतीचे किती, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमचे किती? आणि तुमच्या गावात मुलांना खेळायला चांगली खेळपट्टी आहे का, शिकवायला माणूस आहे का? हे प्रश्न क्रिकेट संघटनेला विचारा, नगरसेवकाला विचारा, आमदारालाही विचारा. पाच वर्षांतून एकदा ते आपल्या डब्यात येतातच.